घरांच्या पाठी आणि नागनदी

रसिकहो, ज्या नागनदीवरून आपल्या नागपूर शहराला नाव मिळाले, ती आपल्या चित्रांत फारशी दिसत नाही. अंबाझरी आणि फुटाळा हे तलाव आणि सीताबर्डीचा किल्ला यांपाशी आपला कुंचला सहसा थांबतो.

नागनदीचे दृश्य गाडीवरून सापडत नाही, कारण पंचशील चौकातला पूल ओलांडेपर्यंत कठड्यापलीकडे नजर पोहोचतच नाही. जुन्या शुक्रवारीच्या बाजूला पायी फिरताना मात्र एखाद्या बोळाच्या तोंडाशी नदी अवचित समोर येते आणि पलीकडच्या काठावर घरांच्या पाठी दिसतात. दर्शनी बाजू रस्त्याकडे. इकडे न्हाणीघरांच्या खिडक्या, सांडपाण्याचे पाइप, दोरीवरचे कपडे आणि रंगाच्या रिकाम्या डब्यात लावलेली तुळस. दर्शनी बाजू माणसे सजवतात, मागची बाजू मात्र वापरून वापरून आपसूक घडत जाते, आणि म्हणूनच चित्रकाराला तिच्यात अधिक मिळते असे माझे ठाम मत आहे. गळक्या पाइपाखाली निळ्या चुन्यावर उतरलेला शेवाळाचा पट्टा घ्या: वर तो जवळजवळ काळा असतो, मध्ये हिरवा होतो आणि खाली उघड्या विटेच्या तांबूसपणात विरतो. विटेचा वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पातळ थर, ओलसर असतानाच त्यात हिरवा सोडला, तर ती कड आपली आपण मिसळते. कोरड्यावर ओढला, तर पट्टा चिकटवल्यासारखा दिसतो.

त्यासाठी ऋतू ओळखावा लागतो. मेच्या अखेरीस भर दुपारी सूर्य नागपूरच्या थेट माथ्यावर येतो, सावल्या भिंतींच्या पायाशी गोळा होतात आणि कुंचला पाण्यात बुडवून आणेपर्यंत वॉश वाळलेला असतो. पावसाळ्यात कागद वाळतच नाही. हिवाळ्यातली सकाळ उत्तम, कारण तिरपे ऊन प्रत्येक पाइपाची सावली भिंतीवर लांबवर टाकते.

चित्रकार सय्यद हैदर रझा 1939 ते 1943 या काळात नागपूरच्याच कलाशाळेत शिकले. त्यांच्या चित्रांतला गोल बिंदू सर्वांना ठाऊक आहे. परंतु त्यांची सुरुवातीची जलरंगातली निसर्गदृश्ये आणि शहरदृश्ये आपल्या विद्यार्थ्यांनी आधी पाहावीत, असे मला मनापासून वाटते.

राहता राहिले पाणी. ते निळे रंगवू नका. सांडपाण्याने काळवंडलेल्या या प्रवाहाला अल्ट्रामरीन हा गडद निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी यांच्या मिश्रणातून येणारा करडा रंगच शोभतो, आणि आकाशाचा उजेड जिथे पडतो तेवढा कागद कोरा सोडावा. 23 सप्टेंबर 2023 रोजी अंबाझरी ओसंडला आणि हेच पाणी काठच्या वस्त्यांतील घरांत शिरले. त्या घरांसमोर बसून नदीला खोटा निळा रंग देणे मला तरी जमणार नाही.