शेवटचं घर भरल्यानंतर

मंडळी,

क्रिप्टिक क्रॉसवर्ड सोडवणाऱ्या बहुतेकांचं एक ठरलेलं असतं: शेवटचं घर भरलं की पेपर बाजूला. मला आज त्यानंतरच्या अर्ध्या तासाबद्दल बोलायचं आहे. घरं भरली म्हणजे उत्तरं सापडली. ती पटली का, हे पाहायचं अजून बाकी असतं. माझ्या मते कोड्यातला सगळ्यात रसाळ भाग तोच.

जे या वाटेला अजून गेलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. साध्या शब्दकोड्यात अर्थ दिलेला असतो, शब्द आपण भरतो. क्रिप्टिकमध्ये एकाच वाक्यात तेच उत्तर दोनदा लपवलेलं असतं. एकदा सरळ अर्थाने, तोही वाक्याच्या सुरुवातीला किंवा शेवटी. आणि दुसऱ्यांदा उरलेल्या शब्दांत, अक्षरांची जुळवाजुळव करून. समजायला सोपं जावं म्हणून मी मराठीतच दोन-चार क्लू रचून आणले आहेत. हा पहिला: 'सदा उलटा वागणारा नोकर (२)'. ऐकताना एखादा अडेलतट्टू गडी डोळ्यांपुढे येतो. पण 'सदा' उलटा लिहा, 'दास' मिळतो, आणि दास म्हणजे नोकर. कंसातला आकडा उत्तरातल्या अक्षरांचा.

आता याचं परीक्षण करू. 'नोकर' हा अर्थ. 'सदा' हा कच्चा माल. 'उलटा वागणारा' ही त्या मालाचं काय करायचं याची सूचना. एकही शब्द बिनकामाचा नाही. शिवाय वरवरचं वाक्य असं आहे की घरात कोणीही ते सहज बोलून जाईल. क्लू चोख आहे.

यातला एकच शब्द बदलून बघा. 'नेहमी उलटा वागणारा नोकर (२)'. नेहमी म्हणजे सदा, तो उलटला की दास. पण दुसरा कोणी म्हणेल, नोकर म्हणजे दास, तो उलटला की सदा, आणि सदा म्हणजे नेहमी. दोन्ही उत्तरं सारखीच बरोबर! पहिल्या क्लूमध्ये हा धोका नव्हता, कारण 'सदा' तिथे छापलेलाच होता, आणि क्लूमध्ये छापलेला शब्द कोणी उत्तर म्हणून मागत नाही. इथे मात्र छेदणाऱ्या शब्दाचं अक्षर आल्याशिवाय निकाल लागत नाही. सोडवणाऱ्याच्या हे ध्यानात येईलच असं नाही. त्याच्या पहिल्या घरात आधीच 'दा' बसलेला असेल, तर तो 'दास' लिहून पुढे जातो. हा दोष दिसतो तो नंतर, प्रत्येक क्लू छेदाक्षरांशिवाय पुन्हा वाचणाऱ्याला.

आणखी एक घ्या. 'सकाळच्या पोटात मृत्यू (२)'. उत्तर 'काळ'. ऐकायला छान, पण पोटात म्हटलं की दोन्ही बाजूंना काहीतरी हवं. 'सकाळ'मध्ये 'काळ'च्या आधी 'स' आहे, नंतर काही नाही. 'सकाळच्या अखेरीस मृत्यू' केलं की दोष जातो, आणि वाक्यालाही जास्त वजन येतं. चांगलं परीक्षण नुसतं नापास करत नाही. क्लू कसा सुधारेल तेही दाखवतं.

अशा काटेकोर वाचनाची परंपरा जुनी आहे. क्रॉसवर्ड जन्मलं न्यूयॉर्कला. मूळचे लिव्हरपूलचे आर्थर विन यांनी २१ डिसेंबर १९१३ रोजी 'न्यूयॉर्क वर्ल्ड'मध्ये पहिलं कोडं छापलं. त्याला गूढ वळण मिळालं इंग्लंडात. १९२६ पासून 'ऑब्झर्व्हर'मध्ये एडवर्ड पॉइस मॅदर्स 'टॉर्कमाडा' या नावाने कोडी रचत. विलक्षण बुद्धीचा माणूस, पण त्यांचे क्लू सोडवणाऱ्याला न्याय देतच असं नाही. १९३९ मध्ये ते वारल्यावर त्यांच्या जागी डेरिक मॅक्नट आले, 'झिमेनीझ' या नावाने, आणि त्यांच्यानंतर १९७२ मध्ये जोनाथन क्राउदर, 'एझेड' या नावाने. टॉर्कमाडा आणि झिमेनीझ ही स्पेनमधल्या धर्मचौकशीच्या प्रमुखांची नावं. एझेड म्हणजे त्याच पदावरचा देझा, रोमन लिपीत उलटा लिहिलेला.

झिमेनीझ आणि एझेड यांनी वाचकांना एकच शब्द देऊन त्यावर क्लू रचायला सांगितलं. आलेल्या क्लूंपैकी कोणता का आवडला, कोणता कुठे घसरला, हे ते एका छापील पत्रकातून सभासदांना कळवत. त्याला 'स्लिप' म्हणत. क्लूच्या परीक्षणाची खरी शाळा मला तिथे दिसते. कारण तिथे शिक्षकाला स्वतःची पसंती कारणांसकट मांडावी लागे.

या सगळ्यामागचं सूत्र 'अफ्रीत' या नावाने कोडी रचणाऱ्या ए. एफ. रिची यांनी १९४९ मध्ये सांगून ठेवलं आहे. त्याचा आशय असा: रचणारा जे म्हणतो तेच त्याच्या मनात असावं असं बंधन नाही, पण जे मनात आहे ते त्याने म्हटलेलं असलंच पाहिजे. फसवा, जरूर फसवा, पण खोटं बोलू नका. परीक्षण करताना मी हीच कसोटी लावतो.

मग नियम वाकवणाऱ्यांचं काय करायचं? 'गार्डियन'चे 'अराउकारिया', म्हणजे धर्मोपदेशक जॉन ग्रॅहम, झिमेनीझच्या शिस्तीत कधीच पुरते बसले नाहीत, तरी वाचकांचं त्यांच्यावर अपार प्रेम होतं. जानेवारी २०१३ मध्ये त्यांच्या एका कोड्याच्या वर एक वाक्य छापलं होतं, ज्यातले महत्त्वाचे शब्द चौकटीत शोधायचे होते. सोडवत गेलं की कळायचं, अराउकारियांना अन्ननलिकेचा कॅन्सर झाला आहे आणि उपचार फक्त त्रास कमी करण्यापुरते चालू आहेत. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ते गेले. असं कोडं समोर आल्यावर सूचना जरा सैल आहे, अर्थ आणि जुळवाजुळव यांना जोडणारा शब्द जास्तीचा आहे, हे मी नोंदवेन, पण त्यावरून कोड्याची किंमत ठरवणार नाही. नियम वाचकाला उत्तरापर्यंत पोचता यावं म्हणून असतात. तिथवर पोचवणारी दुसरी वाट कोणाला सापडली, तर परीक्षकाने आधी ती चालून पाहावी.

आपल्याकडे 'द हिंदू'मध्ये १९७१ पासून क्रिप्टिक येतं. तिथले भारतीय सेटरही, म्हणजे कोडी रचणारेही, टोपणनावांनीच लिहितात. उलट लंडनच्या 'टाइम्स'मध्ये रोजच्या कोड्याखाली कोणाचंच नाव नसतं. मला ती पद्धत परीक्षणासाठी अधिक सोयीची वाटते. नाव माहीत असलं की लाडक्या सेटरचा लंगडा क्लूही आपण सांभाळून घेतो.

मराठीत रोजचं क्रिप्टिक करायचं, तर काही नियम आपल्यालाच ठरवावे लागतील. उदाहरणार्थ, 'नवरा' या शब्दातली अक्षरं विस्कटून 'वानर' होतो का? काना 'रा'वरून उचलून 'वा'ला दिला तर होतो. माझं मत स्पष्ट आहे, मात्रा अक्षराला चिकटलेलीच राहिली पाहिजे. चौकटीतल्या एका घरात 'रा' पूर्ण बसतो, काना वेगळा बसत नाही. तो सुटा केला, तर सोडवणाऱ्याने कशावर भरवसा ठेवायचा? शिवाय विभक्ती आहेच. क्लूमध्ये अर्थ 'कोल्हापुरात' असा दिला, तर उत्तरही त्याच विभक्तीत हवं. इंग्रजी सेटरला ही अडचण क्वचितच येते.

आता शेवटचा क्लू, आणि मग चर्चा. 'हातापुढे शूर आला की कोल्हापूर (४)'. करवीर, हे तुमच्यातल्या बऱ्याच जणांना लगेच सुचलेलं दिसतंय. हात म्हणजे कर, शूर म्हणजे वीर, तेवढं ठीक. माझी शंका 'पुढे' या शब्दाबद्दल आहे. ओळीत उभ्या माणसाच्या पुढे म्हणजे त्याच्या आधी, आणि लिहिताना अक्षराच्या पुढे म्हणजे त्याच्यानंतर. मी हा क्लू पास करेन. तुमच्यापैकी ज्यांना तो नापास करावासा वाटतो, त्यांनी आधी बोलावं.