आधी आजारी सिलिंडर ओळखा, मग पाना उचला

मंडळी, जुनी गाडी मिस मारायला, म्हणजे इंजिनचा ठोका चुकायला लागला की पहिला सल्ला ठरलेला असतो, ‘कार्बोरेटर साफ करून घ्या.’ माझं म्हणणं, कार्बोरेटरला हात सगळ्यांत शेवटी लावा. तो एकटाच सगळ्या सिलिंडरांना पेट्रोल पुरवतो. त्यामुळे तिथं बिघाड असेल तर सगळं इंजिनच कुरकुरतं. ठोका मात्र एका लयीत चुकत असेल, तर दुखणं बहुधा एकाच सिलिंडरचं आहे.

तीन सिलिंडरची, कार्बोरेटरवाली मारुती ८०० समोर धरू. इंजिन बंद करा. पहिल्या सिलिंडरच्या प्लगची टोपी काढा, तिच्यात एक जादा प्लग खोचा आणि त्याचं धातूचं अंग इंजिनच्या उघड्या धातूला पक्कं टेकेल असं क्लिपनं अडकवा. टोपी नुसती लोंबती ठेवू नका; करंटला वाट मिळाली नाही की कॉइलवर, म्हणजे ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या भागावर, ताण येतो. आता गाडी सुरू करा. थरथर वाढली, आवाज खाली बसला, तर तो सिलिंडर काम करत होता. इंजिन बंदच पडलं तरी अर्थ तोच. काहीच फरक पडला नाही, तर आजारी तोच. मग बाकीचे दोनही असेच तपासा. चालू इंजिनवर हातानं वायर उपटायची सवय अनेकांना आहे. ती सोडा, झटका हजारो व्होल्टचा असतो.

आजारी सिलिंडरचा प्लग शेजारच्यात घाला आणि शेजारचा याच्यात. दोष प्लगबरोबर सरकला, तर शंभर-दोनशे रुपयांत काम संपलं. जागेवरच राहिला, तर वायर आणि डिस्ट्रिब्युटरची (प्रत्येक प्लगला पाळीपाळीनं करंट वाटणारा भाग) कॅप बघा. रात्री अंधारात वायरींवर पाण्याचा अगदी हलका फवारा मारून, हात लांब ठेवून, चालू इंजिनकडं पाहा. निळसर ठिणग्या नाचल्या, तर करंट तिथूनच गळतोय. प्लग काढलाच आहे तर त्याचा रंगही वाचा. फिका तपकिरी चांगला. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. आपल्याकडच्या धुळीत एअर फिल्टर आधी झटका आणि चोक (थंड इंजिन सुरू करताना हवा कमी करणारी झडप) अडकलाय का ते बघा. ओला, तेलकट काळा प्लग मात्र पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्हची सीलं गेल्याचं सांगतो. प्लगच्या टोकांमधली फट, म्हणजे गॅप, ०.७ ते ०.८ मिलिमीटर ठेवा, फिलर गेजच्या पातळ पट्ट्यांनी मोजून. नजरेनं नाही.

प्लग, वायर दोन्ही ठीक निघाले तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजा. सगळे प्लग काढा, कॉइलची वायर सोडा, एकेका प्लगच्या भोकात दाब मोजायचा गेज लावा आणि अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून पाच-सहा फेरे स्टार्टर मारा. आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा. एखादा बाकीच्यांपेक्षा पंधरा टक्क्यांहून जास्त खाली असेल तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. दाब वाढला तर रिंगा झिजल्यात, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट (इंजिनच्या डोक्याखालची दाब अडवणारी पट्टी). शेजारशेजारचे दोन्ही खाली असतील, तर दोघांमधलं गॅस्केट फुटल्याचा संशय घ्या.

आता आपल्या उन्हाळ्याचं दुखणं. मे महिन्यात बीड-लातूर रस्त्यावर गाडी बंद पडते आणि अर्ध्या तासानं जणू काही झालंच नाही अशी सुरू होते. यात दोन संशयित: एक तापलेली कॉइल, दुसरी पेट्रोलच्या नळीत झालेली वाफ. फरक तिथल्या तिथं, गाडी गरम असतानाच कळतो, थंड झाल्यावर नाही. आधी जादा प्लग लावून ठिणगी बघा. ठिणगी नसेल तर कॉइल. असेल, तर स्टार्टर बंद ठेवून एअर फिल्टरचं झाकण काढा, अॅक्सिलरेटरची केबल हातानं ओढा. आत पेट्रोलची बारीक धार दिसली पाहिजे. धार नसेल तर ओला, पिळलेला फडका पेट्रोल पंपावर आणि नळीवर गुंडाळा, डिस्ट्रिब्युटरपासून दूर. त्यानं गाडी उठली, तर वाफच होती.

आणि रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी घालू नका. आपल्या बोअरच्या पाण्यातला क्षार नळ्यांमध्ये चुन्यासारखा बसतो, गाडी तापते, मग कुणीतरी थर्मोस्टॅटच (इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरकडचं पाणी अडवणारी झडप) काढून टाकतो. इंजिन नेहमीच अर्धवट थंड राहतं आणि पेट्रोल खातं. डिस्टिल्ड पाण्यात कूलंट निम्मं-निम्मं घाला, आणि काढलेला थर्मोस्टॅट परत बसवून घ्या.