हातानं होतंय तवर

शुक्रवार पेठ, कोल्हापूर. सकाळचे सात वाजलेत, नळाला पाणी आलंय. या घरात आक्का एकट्या राहतात, वय ८१. मुलगा पुण्यात, मुलगी गडहिंग्लजला, दोघंही इकडं या इकडं या म्हणून दमले, पण आक्कांचं एकच, "मी माझं करतो की, तुमास्नी काय तरास हाय?"

तर ते 'माझं करतो' नेमकं कसं चाललंय ते बघायला आपण आलोय. पूर्वी घागरी भरून आत न्यायच्या, आता नळाला पाइप लावलाय तो थेट मोरीतल्या बॅरलपर्यंत जातो, आणि बॅरलातनं पाणी काढायला बादली नाही, छोटी कळशी, तीपण अर्धीच भरायची. हेलपाटे वाढतात, वाढू देत, कंबर तर धरत नाही.

स्वयंपाकघरात या. आयुष्यभर खाली बसून भाकरी थापलेली बाई, पण गुडघे गेले, खाली बसलं की उठताना भिंत धरायला लागते. मग परात आली ओट्यावर, आक्का बसल्या उंच स्टुलावर, आणि पाय लोंबकळायला लागले म्हणून पायाखाली जुना पाट. पीठ कढत पाण्यात मळतात म्हणजे मनगटाला जोर कमी लागतो आणि भाकरीच्या कडा चिरत नाहीत. भाकरी आता तळहाताएवढीच, मोठी परतायला दोन हात लागतात आणि एक हात ओट्याला धरलेला असतो. शेगडीच्या बटणावर लाल नेलपॉलिशचा ठिपका बघा, ठिपका वर असला की गॅस बंद, चष्मा शोधायची गरज नाही.

भरलेला सिलेंडर म्हणजे १४.२ किलो गॅस, वर टाकीचं वजन, सगळं मिळून ३० किलोच्या आसपास. त्याला आक्का हातच लावत नाहीत. घेऊन आलेल्या पोराकडनंच रेग्युलेटर बसवून घ्यायचा, शेगडी पेटवून बघायची, मग त्याला चहा, मग तो जाणार.

चटणी मात्र विकतची चालत नाही, ते काय कोल्हापुरात कुणाला सांगायला नको. फक्त आता मिरच्यांची देठं टीव्हीसमोर बसून रोज थोडी थोडी काढायची आणि डंकावर न्यायचं काम शेजारच्या पोराला.

खरी अडचण आहे ती पुराची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी पेठेत शिरलं, त्यानंतर मुलानं येऊन सगळं माळ्यावर टाकलं, धान्य, कागदपत्रं, मोठी भांडी. पोरानं केलं ते मायेनंच, पण ८१ वर्षांच्या बाईनं रोजच्या तांदळासाठी शिडी चढायची काय? म्हातारपणाला सामान कमरेएवढ्या उंचीवर पाहिजे आणि पुराला माळ्यावर, या दोन्हींचा मेळ आक्कांनीच घातला. मोठे डबे मोडीत काढले, दोन-दोन किलोचे आणले, जूनमध्ये शेजारची पोरं ते वर चढवतात, खाली फक्त आठवड्याचं राहतं, आणि गणपतीच्या आधी साफसफाईला सगळं परत खाली. कागदपत्रं तेवढी एका पिशवीत, दाराच्या खुंटीला, बाराही महिने.

राजारामपुरीतल्या काकांचं वेगळंच. बायको गेल्यावर पंच्याहत्तरीत कुकर लावायला शिकले, आणि शिकवलं कुणी तर मुंबईच्या सुनेनं, व्हिडिओ कॉलवर. भाजी आठवड्याची एकदम आणत नाहीत, रोज थोडी आणतात, पिशवी हलकी राहते आणि कट्ट्यावर गप्पापण होतात. बाथरूममध्ये प्लास्टिकची खुर्ची आणि भिंतीला स्टीलचा दांडा. दांडा बसवताना काका चिडलेले, "मी काय आजारी हाय काय," आता पाहुण्यांना तोच कौतुकानं दाखवतात. फ्रिजवर मोठ्या अक्षरात दोन नंबर, एक मुलाचा आणि एक १४५६७, ज्येष्ठांची सरकारी हेल्पलाइन.

लादी पुसायला दोघांकडंही बाई येते, त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. भाकरी आणि भाजी निवडणं आक्का सोडणार नाहीत, काका बाजार सोडणार नाहीत, बाकीचं द्यायला तयार आहेत. आणि पंख्यावरची धूळ दिसली तरी स्टुलावर चढायचं नाही, दिवाळीला पोरं आल्यावर पुसतील.