सांध्यांतून सुरू होणारा पोटाचा आजार

(दृश्य : चेहरा, जवळून)

हे डोळे बघा. दोन्ही बुबुळं नाकाकडे सरकतात, परत बाहेर येतात, आणि त्याच ठेक्यात जबडाही हलतो. सेकंदाला साधारण एकदा, झोपेतसुद्धा. ही आकडी नव्हे. व्हिपलचा आजार मेंदूत पोचल्यावर अगदी थोड्या रुग्णांत हे दिसतं. पण दिसलं, की निदान जवळपास पक्कं.

आजार मुळात लहान आतड्याचा. १९०७ साली अमेरिकेत, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात डॉ. जॉर्ज व्हिपल यांनी एका मिशनरी डॉक्टरच्या शवविच्छेदनात तो ओळखला. काडीसारखे जंतू त्यांच्या नजरेस पडलेही होते, तरी त्यांनी दोष चरबीच्या पचनाला दिला. खरे गुन्हेगार ते जंतूच. हे जंतू प्रयोगशाळेत वाढवायला २००० साल उजाडलं.

(दृश्य : सुजलेला गुडघा)

खरा फसवतो तो लक्षणांचा क्रम. आधी सांधे दुखतात. आज गुडघा, परवा मनगट; सूज येते, आपोआप ओसरते. रक्तात संधिवाताचा घटक सापडत नाही. जुलाब आणि वजनातली घट बहुधा कित्येक वर्षांनी येते. तोवर संधिवात समजून स्टेरॉइड किंवा टीएनएफ हा सूज वाढवणारा रेणू रोखणारी इंजेक्शनं सुरू झालेली असतात. प्रतिकारशक्ती दबते, जंतूंना रान मोकळं मिळतं. सांधेदुखीच्या औषधानंतर जुलाब लागले, तर ही शंका घ्यायलाच हवी.

(दृश्य : सूक्ष्मदर्शक)

तोंडावाटे घातलेल्या दुर्बिणीतून लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाचे किमान पाच तुकडे घ्यावेत. विकृती विखुरलेली असते, एकच तुकडा चकवू शकतो. तपासणीच्या कागदावर 'व्हिपल?' असं स्पष्ट लिहावं, म्हणजे हे जंतू उठून दाखवणारा पीएएस रंग वापरला जाईल. त्यात जंतू गिळणाऱ्या भक्षक पेशी जांभळट-गुलाबी भरलेल्या दिसतात. आपल्याकडे आतड्याचा क्षय नेहमीचा, म्हणून क्षयाच्या जंतूंसाठीचा झील-नील्सन रंगही करावा. व्हिपलचे जंतू तो धरत नाहीत. जंतूंचा डीएनए शोधणाऱ्या पीसीआर चाचणीनं खात्री करावी. मेंदूची लक्षणं नसली तरी पाठीतलं पाणी तपासावं.

उपचार लांबलचक. सेफ्ट्रिअॅक्सोन हे प्रतिजैविक २ ग्रॅम रोज शिरेतून, १४ दिवस. मग को-ट्रायमोक्साझोल या प्रतिजैविकाच्या गोळ्या, ९६० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, वर्षभर. जुलाब आठवड्या-दोन आठवड्यांत थांबतात आणि गोळ्या सोडायचा मोह होतो. अर्धवट उपचारानंतर आजार उलटला, तर तो मेंदूतही उलटू शकतो. कधी सुधारणा होत असतानाच पुन्हा ताप चढतो, सांधे सुजतात. जंतू परतले नाहीत हे तपासून घ्यावं, कारण सावध झालेली प्रतिकारशक्तीच अशी खवळू शकते. तेव्हा प्रतिजैविकं चालू ठेवून डॉक्टर स्टेरॉइड देतात.