तारेखालून परत जाणारी कादंबरीकार

श्रोतेहो, नमस्कार. आज समर यजबेक यांच्याविषयी बोलणार आहे. सीरियाच्या कादंबरीकार समर यजबेक. जन्म १९७० चा, समुद्रकाठच्या जबले गावचा.

घराणं अलवी पंथाचं. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बशर अल असद यांचाही पंथ तोच. गप्प राहिल्या असत्या, तर कुणी केसालाही धक्का लावला नसता. पण २०११ च्या मार्चमध्ये असद यांच्या राजवटीविरुद्ध लोक रस्त्यावर आले आणि समर लोकांच्या बाजूनं लिहू लागल्या. मग डोळ्यांवर पट्टी बांधून त्यांना कोठड्यांपाशी नेलं, छळ केलेली पोरं दाखवली. धाक बसावा म्हणून. त्याच वर्षी मुलीला घेऊन त्यांनी पॅरिस गाठलं.

आता ऐका. पॅरिसला सुखरूप पोचलेली ही बाई परत गेली! ऑगस्ट २०१२. तुर्कस्तानची सरहद्द, काटेरी तार. तारेखाली खणलेलं भोक, जेमतेम एक माणूस सरपटेल एवढं. समर त्यात शिरल्या. तारेचे काटे पाठीत रुतले. पलीकडे निघाल्या आणि वाकून, जीव खाऊन धावत सुटल्या. स्वतःच्याच देशात, चोरासारख्या! पुढे इदलिब प्रांतातल्या सराकिबला एका कुटुंबाकडे राहिल्या. वरून बॉम्ब पडत होते. त्या गावोगाव हिंडून माणसांचं ऐकत होत्या, लिहून घेत होत्या, बायकांना चार पैसे मिळावेत म्हणून कामं उभी करत होत्या. आणि हे एकदाच नाही. २०१३ मध्ये आणखी दोनदा गेल्या. एकूण तीनदा, श्रोतेहो, तीनदा! त्यावरचं पुस्तक ‘द क्रॉसिंग’.

सराकिब नकाशात जरूर शोधा. परदेशची बातमी नकाशा उघडून ऐकावी, असं माझं ठाम मत आहे. शाळेत आम्ही नकाशे हातानं भरायचो. आता मुलं नकाशा फक्त परीक्षेपुरता बघतात, याचं मला फार वाईट वाटतं.

असो. २०१२ मध्येच त्यांना इंग्लंडमधल्या लेखक संघटनेच्या पेन पिंटर पुरस्कारातला धाडसी लेखकाचा मान मिळाला. बायकांसाठी ‘विमेन नाऊ’ ही संस्थाही त्यांनी त्याच वर्षी काढली.

कादंबरी एकच सांगते, ‘प्लॅनेट ऑफ क्ले’. रीमा नावाची मुलगी. बोलत नाही, आणि पाय सुटले की चालतच राहते, म्हणून आई तिला दोरीनं बांधून ठेवते. दमास्कसच्या नाक्यावर ती अशीच चालू लागते, शिपाई गोळी झाडतात आणि आई जाते. पुढे दमास्कसजवळच्या, वेढ्यातल्या घूता भागात, तळघरात बसून रीमा हे सगळं लिहिते. इंग्रजी अनुवाद मिळतो. आधी ही रीमा वाचा, मग ‘द क्रॉसिंग’.