फेटल : तलवारीच्या पट्ट्यापासून फौंड्रीच्या बाकापर्यंत

(दृश्य : फौंड्रीची शेड, सकाळची पाळी. ग्राइंडरचा आवाज, मग ठिणग्या.)

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीत फौंड्रीच्या मागच्या शेडकडे निघाले, की आधी आवाज कानावर येतो आणि नंतर ठिणग्या दिसतात. साच्यातून मोकळे झालेले, अंगावर अजून काळ्या मातीची पूड असलेले पंपाचे कास्टिंग, म्हणजे साच्यात लोखंड ओतून घडवलेला भाग, बाकावर आडवे पडलेले आहे. साच्याचे दोन भाग जिथे एकमेकांवर बसले होते, तिथे लोखंडाची पातळ, धारदार झालर बाहेर आलेली आहे, आणि वितळलेले लोखंड ज्या वाटेने आत शिरले तिथे रनरचा, आणि ते जिथे वर चढून साठले तिथे रायझरचा खुंट उरलेला आहे. कामगार हातोड्याच्या ठोक्याने खुंट पाडतो, झालरीवरून ग्राइंडर फिरवतो, आणि मधूनच यंत्र बंद करून, हातमोजा काढून त्या कडेवरून सावकाश अंगठा फिरवून पाहतो. अंगठ्याला काही लागले, की ग्राइंडर पुन्हा सुरू होतो.

या कामाला येथे फेटलिंग म्हणतात. ‘कास्टिंग फेटलिंगला गेले’, ‘फेटलिंगमध्ये आज माणसे कमी आहेत’ अशी वाक्ये या वसाहतीत रोज कानी पडतात. ऐकणाऱ्याला हा शब्द ड्रिलिंग किंवा वेल्डिंग यांच्यासारखाच यंत्रयुगाने आणलेला वाटतो. प्रत्यक्षात तो यंत्रांपेक्षा कितीतरी जुना आहे, आणि त्याचे खरे घर इंग्लंडच्या उत्तरेकडील प्रांतांत, यॉर्कशर, लँकेशर, डरहॅम आणि कंब्रिया येथील बोलींत आहे.

(दृश्य : जुन्या हस्तलिखिताचे पान.)

जुन्या इंग्रजीत ‘फेटेल’ म्हणजे पट्टा, विशेषतः तलवार अडकवण्याचा कमरपट्टा. ‘बेओवुल्फ’ या महाकाव्याचे जे एकमेव हस्तलिखित उरले आहे ते सुमारे इसवी सन १००० मधले आहे. त्यात पाण्याखालच्या गुहेत सापडलेल्या तलवारीवर नायक हात घालतो, तेव्हा कवीने तिच्या मुठीसाठी ‘फेटेल-हिल्ट’ असा जोडशब्द वापरला आहे. ‘फेटल’ हे क्रियापद बहुधा या पट्ट्यापासूनच निघाले, असे कोशकार मानतात. पट्टा बांधणे म्हणजे कामाला किंवा लढाईला सज्ज होणे, ही वाट मराठी माणसाला समजावून सांगावी लागत नाही, कारण आपणही कंबर कसतो आणि पदर खोचतो.

येथे एका मोहापासून सावध राहिले पाहिजे. ‘फेटेल’ ऐकताच आपल्याला फेटा आठवतो, आणि दोन्हीही अंगाला गुंडाळून बांधण्याच्याच वस्तू असल्याने नाते जोडण्याची घाई होते. पण संस्कृत आणि इंग्रजी यांच्यातले खरे नाते ध्वनींच्या ठरलेल्या नियमाने चालते. आपल्याकडच्या ‘प’च्या जागी तिकडे ‘फ’ येतो, म्हणून पितृ आणि फादर, पाद आणि फूट या जोड्या जमतात. फेटेलचा खरा भाऊबंद आपल्याकडे असलाच, तर तो ‘प’ने सुरू व्हायला हवा. फेटा आणि फेटेल यांचे साम्य केवळ योगायोगाचे आहे.

चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडच्या वायव्य मिडलँड्समधल्या एका अज्ञात कवीने सर गवेन आणि हिरव्या सरदाराची कथा काव्यात लिहिली. गवेनच्या ढालीवरील पंचकोनी ताऱ्याचा अर्थ सांगताना कवी म्हणतो, की पाच गुणांचे पाच संच या वीराच्या ठायी ‘फेटल’ झाले होते, म्हणजे पक्के बसले होते. पट्टा येथे मागे पडला आहे आणि जागच्या जागी बसवण्याची क्रिया तेवढी उरली आहे. पुढे सोळाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात शेक्सपिअरने हाच शब्द ज्युलिएटच्या बापाच्या तोंडी घातला. मुलगी लग्नाला नकार देते तेव्हा संतापलेला कॅप्युलेट तिला बजावतो, की येत्या गुरुवारी पॅरिस या नियोजित वराबरोबर सेंट पीटरच्या चर्चमध्ये जायचे आहे, तेव्हा ते नाजूक हातपाय ‘फेटल’ करून ठेव. बोलीत घोड्याचा खरारा करण्यालाही हाच शब्द होता. हे ध्यानात घेतले, की बापाच्या त्या वाक्यातली क्रूरता अधिक बोचते.

मराठीत याला सर्वांत जवळचा शब्द मला ‘आवरणे’ हा वाटतो. घर आवरतात, केस आवरतात, राग आवरतात, आणि दारात उभे राहून ‘आवर लवकर’ असे म्हटले तर त्याचा अर्थ तयार हो असाच असतो. आवरणे या शब्दाच्या मुळाशीही घेरण्याची, झाकण्याची कल्पना आहे. एकमेकांशी काही नाते नसलेले हे दोन शब्द वेढा घालण्यापासून नीटनेटके करण्यापर्यंत एकाच रस्त्याने चालत आले, याचे मला फार अप्रूप वाटते.

(दृश्य : सॉल्टेअर येथील गिरणीची दगडी इमारत.)

अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत लंडनच्या लिखित इंग्रजीने या क्रियापदाकडे जवळजवळ पाठ फिरवली; उत्तरेत मात्र ते घरोघर कामाला लागले होते. या बोलींचा सर्वांत मोठा कोश ज्याने सिद्ध केला तो जोसेफ राइट स्वतः याच मातीतला होता. ब्रॅडफर्डजवळ १८५५ मध्ये जन्मलेला हा मुलगा सहाव्या वर्षी दगडखाणीत गाढव हाकू लागला, आणि लवकरच सॉल्टेअरच्या गिरणीत भरलेली बॉबिने काढून रिकामी लावणारा डॉफर झाला. वयाच्या पंधराव्या वर्षापर्यंत त्याला लिहिता-वाचता येत नव्हते. पुढे तो जर्मनीत हायडेलबर्ग येथे शिकला आणि १९०१ मध्ये ऑक्सफर्डला तौलनिक भाषाशास्त्राचा प्राध्यापक झाला. त्याच्या आधी त्या पदावर ऋग्वेदाचे संपादक मॅक्स म्युलर होते. राइटचा इंग्रजी बोलींचा कोश १८९८ ते १९०५ या काळात सहा खंडांत प्रसिद्ध झाला. ज्यांची बोली अडाणी समजली जात होती, त्यांच्यातल्याच एका गिरणी कामगाराने ती खंडांमागून खंडांत नोंदवून ठेवली, ही गोष्ट मनापासून आदर वाटावा अशी आहे.

त्या बोलींत ‘फेटल’चा पसारा मोठा आहे. चूल साफ करणे, जेवणाची तयारी करणे, जनावरांचे चारापाणी पाहणे, मोडलेली वस्तू दुरुस्त करणे या सगळ्याला हा एकच शब्द पुरतो. एखाद्याला ‘फेटल’ करीन अशी धमकी दिली, तर तिचा अर्थ आपल्या ‘सरळ करीन’ यासारखाच होतो. नाम म्हणून तो प्रकृतीची किंवा मनाची स्थिती सांगतो, आणि म्हणून कंब्रियात व डरहॅममध्ये ओळखीचा माणूस भेटला, की ‘व्हॉट फेटल?’ असे विचारतात. आपल्याकडचे ‘काय, बरे आहे ना?’ तसेच ते. प्रमाण इंग्रजीत मात्र ‘इन फाइन फेटल’, म्हणजे ठणठणीत, एवढा एकच वाक्प्रचार सर्रास चालतो. बाकीचा संसार हरवला आणि हाती एक भांडे राहिले, तसे हे झाले आहे.

(दृश्य : चिनीमातीचा कच्चा कप, त्यावर फिरणारी सुरी.)

कारखाने आले तेव्हा मजूर आपली बोली घरी ठेवून आले नाहीत. यॉर्कशरच्या लोकर गिरण्यांत पिंजण यंत्राच्या दातांत अडकलेले तंतू काढणारा तो फेटलर झाला. स्टोक-ऑन-ट्रेंटच्या चिनीमातीच्या कारखान्यांत साच्यातून निघालेल्या कच्च्या कपावर जी बारीक शिवण उमटते, ती सुरीने खरवडून ओल्या स्पंजाने पुसण्याला फेटलिंग म्हणू लागले. फौंड्रीतही तेच नाव रूढ झाले. अमेरिकेतील फौंड्र्यांत याच कामाला साधे ‘क्लीनिंग’ म्हणतात, तर भारतात ओतकामाची परिभाषा ब्रिटिशांकडून आल्यामुळे येथे फेटलिंग रुजले.

शब्दाबरोबर कामाचा धोकाही आला. कच्चे भांडे खरवडताना आणि कास्टिंग घासताना जी धूळ उडते तिच्यात सिलिका असते, आणि वर्षानुवर्षे ती फुप्फुसात साठली, की सिलिकोसिस होतो. स्टोकच्या कामगारांनी या आजाराला ‘कुंभारांची कूज’ अशा अर्थाचे नाव दिले होते. नीट करण्याचे, सज्ज करण्याचे हे काम करताना माणसांचे श्वास अपुरे पडले, हे त्या शब्दाच्या इतिहासातून वगळता येणार नाही. शिरोलीच्या शेडमध्ये तोंडावर मास्क आहे की नाही, धूळ ओढून घेणारी यंत्रणा चालू आहे की बंद, हे म्हणूनच पाहिले पाहिजे.

ऑस्ट्रेलियात या शब्दाने आणखी एक वळण घेतले. तेथे रूळ सरळ ठेवणाऱ्या, स्लीपर बदलणाऱ्या, खडी भरणाऱ्या माणसाला, म्हणजे आपल्या गँगमनला, फेटलर म्हणतात. नलारबोरच्या उजाड मैदानात रेल्वेमार्गालगत राहणाऱ्या या फेटलरांना आणि त्यांच्या कुटुंबांना किराणा, मांस आणि पाणी पोहोचवणारी ‘टी अँड शुगर’ नावाची गाडी १९९६ पर्यंत धावत होती.

(दृश्य : पुन्हा शिरोली. दुपार.)

इंग्लंडमध्ये आज जुना रंधा घासून पुन्हा धारेवर आणणारे हौशी सुतार आणि मोटारसायकल उघडून बसणारे लोक हे क्रियापद आवडीने वापरतात. कोल्हापुरात ते हौशीचे नाही, पोटाचे आहे. येथे त्याला मराठीचे प्रत्यय लागले, ‘वाला’ लागला, आणि फेटलिंगवाले हे फौंड्रीतल्या एका गटाचे नाव झाले. बाकावरच्या कास्टिंगची कड आता गुळगुळीत झाली आहे. अंगठा तिच्यावरून शेवटचा फिरतो, कुठे अडत नाही. दोघे जण मिळून ते उचलतात, गाड्यावर ठेवतात आणि गाडा मशीन शॉपकडे ढकलला जातो.