रेघ आणि रंग यांच्या मधला पिक्सेल

(पडद्यावर: लाल सदरा घातलेला कार्टूनमधला मुलगा. बादलीचा कर्सर सदऱ्यावर येतो. एक क्लिक. सदरा निळा.)

लाल सदरा निळा झाला, एका क्लिकमध्ये. फोटोत हे इतक्या सहज जमत नाही. कार्टूनमध्ये जमतं, कारण तिथे काळी रेघ असते आणि रेघेच्या आत एकच सपाट रंग. त्यामुळे मोठ्या सॉफ्टवेअरची गरज पडत नाही. १९८५ मध्ये विंडोजच्या पहिल्या आवृत्तीसोबत आलेलं पेंट आजही या कामाला पुरतं.

आता जरा जवळ जाऊ.

(झूम ८०० टक्के. काळ्या रेघेला लागून गडद लाल चौकोनांची रांग.)

सदरा निळा झाला, पण कडेला ही लालसर किनार उरली. तिरकी रेघ पायऱ्यांसारखी दिसू नये म्हणून काळ्या आणि लाल रंगाच्या मध्ये मिश्र छटांचे पिक्सेल भरलेले असतात. पेंटच्या बहुतेक आवृत्त्यांमधली बादली मात्र ज्या रंगावर क्लिक केलं, नेमका तोच रंग बदलते. संगणकात रंग म्हणजे लाल, हिरवा आणि निळा यांचे ० ते २५५ मधले तीन आकडे. त्यांतला एखादा आकडा इकडचा तिकडे असला, तरी तो पिक्सेल बादलीसाठी परका. कार्टून बदलताना जे काही बिघडतं, त्यातलं बरंचसं या एका रांगेपाशी बिघडतं.

म्हणून आधी फाइल पाहायची. जेपीईजी फाइल आकाराने लहान व्हावी म्हणून चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन करते आणि प्रत्येक चौकोनातला तपशील थोडा थोडा कमी करते. डोळ्यांना सपाट दिसणाऱ्या लाल रंगात मग वीस-पंचवीस वेगवेगळे लाल निघतात. बादली ओतली की सदऱ्यावर पुरळ उठल्यासारखे ठिपके राहतात. पीएनजी हा फाइलचा प्रकार तपशील कमी करत नाही, म्हणून मूळ चित्र पीएनजीमध्ये मिळत असेल तर तेच घ्या. मिळत नसेल, तर उघडल्या उघडल्या ‘सेव्ह अ‍ॅज’ करून पीएनजी करा. आधी झालेलं नुकसान त्याने भरून निघत नाही, पण पुढच्या प्रत्येक सेव्हला ते वाढायचं थांबतं.

(पडद्यावर: रंगांची खिडकी, तीन आकडे.)

आता ती किनार. सदऱ्याचा जुना लाल होता २२०, ४०, ४०. काळा म्हणजे तिन्ही शून्य. या दोघांच्या बरोबर मधली छटा ११०, २०, २०. तीच इथे राहिली आहे. नवा निळा आहे ४०, ९०, २००. म्हणजे मधली छटा हवी २०, ४५, १००. पेंटमध्ये निवडलेल्या रंगांच्या दोन चौकटी असतात, ‘कलर १’ आणि ‘कलर २’. ड्रॉपरने, म्हणजे चित्रातला रंग उचलणाऱ्या साधनाने, लाल किनारीवर डावं क्लिक करा, ती छटा ‘कलर १’ मध्ये येते. ‘कलर २’ मध्ये नवे आकडे भरा. मग खोडरबर घ्या आणि माउसचं उजवं बटण दाबून कडेवरून फिरवा. उजव्या बटणाने खोडरबर फक्त ‘कलर १’ चे पिक्सेल शोधतो आणि त्यांना ‘कलर २’ देतो. बाकी कशालाही तो हात लावत नाही, त्यामुळे हात थरथरला तरी काही बिघडत नाही. पेंटमधली ही सर्वांत उपयोगी सोय आहे, आणि मेनूत ती कुठेही लिहिलेली नाही.

किनारीत दोन-तीन छटा असतील तर हेच पुन्हा करायचं. शंभर टक्के झूमवर जी छटा दिसत नाही, ती खुशाल सोडून द्या. काही जण किनार झाकायला रेघच एका पिक्सेलने जाड करतात. तसं केलं तर सदऱ्याची रेघ जाड आणि चेहऱ्याची बारीक राहते, आणि ते लगेच डोळ्यांत भरतं.

कधी याच्या उलटही होतं. बादली ओतली आणि सदऱ्यासकट सगळं आभाळ निळं झालं. रेघेत कुठेतरी फट आहे. कंट्रोल झेड दाबा, ८०० टक्क्यांवर रेघ तपासा आणि एक पिक्सेलच्या पेन्सिलने फट बुजवा. ब्रश नको, ब्रशची कड मऊ असते आणि नवी किनार तयार होते. दोन पिक्सेल नुसते कोपऱ्याला कोपरा लावून असले तरी चालतं. तिरक्या सांध्यातून रंग गळत नाही.

(पडद्यावर: मुलाचा चेहरा, मोठा.)

हसऱ्या मुलाला चिडका करायचा आहे. तोंडासाठी कर्व्ह हे साधन. आधी एका ओठाच्या कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत सरळ रेघ ओढा, मग तिचा मध्य वर खेचा. कर्व्ह दोनदा वाकते आणि दुसरं वळण मिळेपर्यंत रेघ पक्की होत नाही. एकच वळण हवं असेल तर त्याच जागी पुन्हा क्लिक करा. जाडी ठरवण्याआधी मूळ रेघ झूम करून मोजा. अंदाजाने घेतलेली जाडी बहुतेक वेळा चुकते.

भुवई नव्याने काढू नका. आहे तीच चौकटीत निवडा, ‘ट्रान्स्परंट सिलेक्शन’ चालू करा, आणि ‘रिसाइज’च्या खिडकीत ‘स्क्यू’मध्ये, म्हणजे आकार तिरका करण्याच्या सोयीत, उभ्या दिशेला १५ अंश द्या. नाकाकडचं टोक खाली आलं की राग दिसतो. वर गेलं की तोच चेहरा काळजीत पडतो. दिशा चुकली तर उणे १५. दुसऱ्या भुवईसाठी हीच कॉपी करून आडवी उलटवा, म्हणजे दोन्हींचा कोन सारखा राहतो.

या पारदर्शक निवडीत एक अडचण येते. पेंट ‘कलर २’ ला पारदर्शक मानतं, आणि तो सहसा पांढरा असतो. पूर्ण डोकं उचलून दुसऱ्या चित्रावर ठेवलं की डोळ्यांतला पांढरा भागही आरपार होतो आणि मागची भिंत बुबुळांभोवती दिसू लागते.

(पडद्यावर: डोळ्यांच्या जागी विटांची भिंत.)

उपाय सोपा आहे. डोकं उचलण्याआधी डोळ्यांत २५४, २५४, २५४ हा रंग ओता. माणसाच्या नजरेला तो पांढराच वाटतो, पेंटला मात्र वेगळा. आता डोळे जागेवर राहतात. दातांनाही हेच करा, तिथे हटकून विसर पडतो.

संवादाचा फुगा शेवटी घ्यावा. जुनी अक्षरं निवडून डिलीट केली की त्या जागी ‘कलर २’ भरतो. म्हणून फुग्यातला पांढरा आधी ड्रॉपरच्या उजव्या क्लिकने उचला. तो शुभ्र नसून २५०च्या आसपास असेल, तर शुभ्र पांढरा ठिगळासारखा दिसतो. नवा मजकूर थेट फुग्यात लिहू नका. बाहेर क्लिक केलं की अक्षरांचे पिक्सेल होतात, मग फॉन्ट बदलता येत नाही. कॅनव्हास उजवीकडे वाढवून तिथे लिहा, ओळी मनासारख्या बसल्या की उचलून आत आणा. आणि देवनागरीला डोक्यावर जागा लागते. रोमन अक्षरांसाठी काढलेल्या फुग्यात ‘र्की’सारखं अक्षर आलं की वेलांटी आणि रफार फुग्याच्या रेघेला टेकतात. वर साधारण अर्ध्या अक्षराइतकी मोकळी जागा ठेवा, नाहीतर टाइप एका आकाराने लहान करा.

(पडद्यावर: झूम पुन्हा शंभर टक्के. चिडलेला मुलगा, निळा सदरा, फुग्यात ‘माझी फिरकी घेऊ नका!’)

वाढवलेला कॅनव्हास कापून टाका आणि पीएनजी सेव्ह करा. पेंट बंद झालं की कंट्रोल झेडला आठवण राहत नाही, म्हणून सदरा, चेहरा आणि फुगा या तिन्ही टप्प्यांच्या प्रती वेगळ्या नावांनी ठेवा. कुठे जेपीईजीच मागितली असेल, तर ती या शेवटच्या पीएनजीवरून काढा. पुढच्या वेळी काही बदलायचं झालं, तर उघडायची ती पीएनजीच.